नदीची जागा नदीला द्या

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई किती टक्के झाली याच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात. मग पाऊस येतो, सखल भागात पाणी शिरते, लोकल गाड्या जागच्या जागी थांबतात आणि दुसऱ्या दिवशी 'निसर्गाचा कोप' असा मथळा छापून येतो. निसर्गाला एकदा कोपिष्ट ठरवले की मग कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. आमचे म्हणणे असे की उल्हास नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे कल्याणपासून डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करीत थेट वसईच्या खाडीमुखापर्यंत, पावसाळ्यात जे हाल होतात त्यांतले फार थोडे निसर्गाच्या माथी मारता येतील. पुष्कळसे हाल जमीन आणि पाणी यांच्या नात्याविषयीच्या अज्ञानातून होतात. आणि हे अज्ञान काहींना फार सोयीचे असल्यामुळे ते टिकून राहते.

हे नाते उलगडून सांगणारे एक शास्त्र आहे. त्याला भूरूपशास्त्र म्हणतात. डोंगर, दरी, नदीचे पात्र, पूरमैदान, खाजण, वाळूचा दांडा ही जमिनीची रूपे कशी घडली, आज कशी बदलत आहेत आणि उद्या त्यांचे काय होईल याचा तो अभ्यास. महाराष्ट्राला या शास्त्राचे वावडे नाही. पुणे विद्यापीठात डॉ. विश्वास काळे यांनी भारतीय नद्यांच्या महापुरांवर दीर्घकाळ संशोधन केले, डॉ. श्रीकांत कार्लेकर यांनी कोकणच्या किनाऱ्याचा अभ्यास करून तो मराठी वाचकांपर्यंत आणला. शास्त्र आहे, शास्त्रज्ञ आहेत, विद्यार्थी दरवर्षी परीक्षा देऊन उत्तीर्ण होतात. मात्र बांधकामाच्या परवानगीवर सही होते त्या टेबलापर्यंत हे ज्ञान पोहोचत नाही. ते तेथे पोहोचलेच पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

नदी काय वाहते?

नदी पाणी वाहते असे आपण शाळेत शिकतो. ते अर्धेच खरे आहे. नदी पाणी वाहते आणि गाळही वाहते: दगड, गोटे, वाळू आणि बारीक माती. अमेरिकन अभियंता लेन याने १९५५ साली हे नाते तराजूच्या रूपात मांडले. एका पारड्यात पाण्याचे प्रमाण आणि पात्राचा उतार. दुसऱ्यात गाळाचे प्रमाण आणि त्याच्या कणांचा आकार. यांपैकी एकही गोष्ट बदलली की तराजू कलतो आणि नदी तो पुन्हा समतोल होईपर्यंत एकतर आपला तळ आणि काठ खरवडते, नाहीतर गाळ टाकून पात्र भरून काढते. ती हे कोणाच्या परवानगीने करीत नाही आणि तिला कोणी नोटीसही बजावू शकत नाही.

याच हिशेबाने उल्हास नदीकडे पाहावे. खंडाळ्याच्या घाटाखाली, राजमाचीच्या परिसरातल्या दऱ्यांत ती उगम पावते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आणि खोरे सुमारे ४,६३७ चौरस किलोमीटर. गोदावरी, कृष्णा यांच्या तुलनेत ही अगदी आखूड नदी. पण तिच्या उगमाकडे, लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या कड्यावरून ते पाणी काही तासांत कर्जत-नेरळच्या सपाटीवर उतरते. पुढे बदलापूरच्या परिसरात बारवी मिळते, कल्याणजवळ भातसेचे पाणी घेऊन काळू येते, अंबरनाथ-उल्हासनगरची घाण पोटात घेऊन वालधुनी येते. आणि जेथे हे सारे एकत्र होते, तेथेच समोरून समुद्राची भरती चढून येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर जाते. वरून पूर आणि खालून भरती अशा कात्रीत सापडलेल्या पाण्याला आडवे पसरण्यावाचून गत्यंतर नसते. ते पसरते ती जागा म्हणजे पूरमैदान आणि खाजण. नदीने हजारो वर्षे गाळ टाकून ती स्वतःसाठी तयार केली आहे.

ही खाडी पूर्वीपासून अशीच उथळ होती असे समजण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मास याने 'कल्लियाना' या बंदराचा आणि तेथील ख्रिस्ती समाजाचा उल्लेख केला आहे. अनेक अभ्यासक ते बंदर म्हणजे आपले कल्याण असे मानतात. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची जहाजे येथेच बांधायला घेतली. ज्या खाडीत जहाजे बांधून समुद्रात सोडता येत होती, तिच्या आजच्या पात्राकडे पाहिले म्हणजे किती गाळ आला, तो कोठून आला आणि कोठे अडला हे विचारावेसे वाटते. भूरूपशास्त्राचा आरंभ याच प्रश्नांपासून होतो.

कोपरच्या काठी

कोपर हे मध्य रेल्वेवरील डोंबिवली आणि दिवा यांमधले स्थानक. वसई रोड-दिवा मार्गाची गाडीही येथेच वरच्या फलाटावर थांबते. वसईहून डोंबिवलीकडे येणाऱ्या आमच्या अनेक कुटुंबांना ते चांगले परिचयाचे आहे. परंतु रेल्वेने जोडण्याच्या कितीतरी आधी या दोन ठिकाणांना नदीने जोडले आहे. डोंबिवलीला वळसा घालून कोपर-दिव्याच्या बाजूने मुंब्र्याकडे वळलेली ही खाडी ठाण्याजवळ आपले थोडे पाणी दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत सोडते आणि बाकीचे घोडबंदर, भाईंदर, नायगाव करीत वसईच्या किल्ल्याशेजारी समुद्राला नेऊन मिळवते. म्हणून कोपरच्या काठी टाकलेल्या भरावाचा आणि उपसलेल्या रेतीचा परिणाम कोपरपुरता राहत नाही.

या पट्ट्यातल्या जुन्या आगरी-कोळी गावांना नदीचे वाचन येत होते. गावठाण उंचवट्यावर, त्याखाली भातशेती, त्याखाली खारबांध, आणि बांधापलीकडे तिवरांचे खाजण, असा त्यांचा क्रम होता. खारबांधाला उघाडी असे: भरती चढली की तिचे दार पाण्याच्याच दाबाने मिटावे आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर पडावे. कोणी पदवीधर अभियंता न बोलावता आखलेली ही व्यवस्था भूरूपशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरेल. आज तोच क्रम उलटा झाला आहे. गावठाण खड्ड्यात आणि नव्या इमारती भरावावर, असे दृश्य डोंबिवली पश्चिमेपासून दिव्यापर्यंत कोठेही पाहावे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाणी शिरले नव्हते, त्यांच्या उंबऱ्यावर आता जुलैमध्ये वाळूची पोती रचावी लागतात.

रेती जाते, चिखल येतो

आता रेतीचे पाहू. डोंबिवलीच्या रेतीबंदराचे नावच सांगते की येथे रेतीचा धंदा जुना आहे. पूर्वी डुबी पद्धत होती. माणूस बुडी मारून घमेल्याने तळाची रेती काढी आणि होडी भरे. ते काम जिवावरचे होते आणि त्याचे आम्ही गोडवे गात नाही. परंतु माणसाच्या छातीत मावणाऱ्या श्वासाएवढीच तेव्हा उपशाची मर्यादा होती. सक्शन पंप आणि बार्ज आल्यावर ती मर्यादा संपली. महसूल खाते अधूनमधून धाड घालते, पंप आणि बार्ज नष्ट केल्याची छायाचित्रे छापून येतात आणि काही दिवसांनी रात्रीचा आवाज पुन्हा सुरू होतो.

लेनच्या तराजूत हे घालून पाहावे. वरच्या अंगाला बारवी आणि भातसा या धरणांनी रेती अडवली आहे. खाली पंपांनी उरलेली रेती उचलली. गाळाचे पारडे हलके झाले. अशा पाण्याला भूरूपशास्त्रज्ञ मॅथियास कॉन्डॉल्फ यांनी १९९७ मध्ये 'भुकेले पाणी' असे नाव दिले. आपल्या वाट्याची रेती न मिळालेला प्रवाह ती काठातून आणि पुलाच्या पायथ्यातून वसूल करतो. काठ ढासळतात, तिवरे मुळासकट कलंडतात. तळ खोल गेल्यामुळे भरतीचे खारे पाणी अधिक आत चढते आणि शेत आणि विहिरी खारावतात. याच काठालगत मध्य रेल्वेचे रूळ आहेत, रेल्वेचे आणि रस्त्याचे पूल आहेत. रेतीच्या एका ट्रकची किंमत ठरविताना या गोष्टींची किंमत कोणी धरत नाही.

दुसरीकडे डोंगर पोखरणाऱ्या खाणी, उघडे पडलेले उतार आणि बांधकामाचा राडारोडा यांतून बारीक चिखल नदीत येतो आणि संथ पाण्यात बसतो. रेती जाते आणि चिखल येतो, असा हा उफराटा व्यवहार आहे. मग शासन म्हणते की गाळ फार साठला, तो काढायचे कंत्राट द्या. गाळ काढण्याच्या नावाने पुन्हा रेतीच निघते.

यावर नियम नाहीत असे मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात लहानात लहान रेतीपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. केंद्राने २०१६ आणि २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले आहे की पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजावे, नदीने किती रेती परत आणून भरली ते पाहावे आणि त्या मर्यादेतच उपसा ठरवावा. हे शंभर टक्के भूरूपशास्त्र आहे. ते कागदावर आहे, सुबक इंग्रजीत आहे. कोपरच्या काठावर मोजमापाची काठी घेऊन उभा राहणारा मनुष्य तेवढा हवा आहे.

भरावाचे गणित

भराव टाकणाऱ्याला वाटते की आपण आपल्या मालकीच्या चतुःसीमेत माती टाकतो, कोणाचे काय बिघडले? गणित सोपे आहे. एक हेक्टर खाजणावर एक मीटर पाणी उभे राहिले तर ते दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर होते. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर उभे करावेत इतके. ते खाजण भरून टाकले की हे एक हजार टँकर नाहीसे होत नाहीत. ते शेजाऱ्याच्या अंगणात रिते होतात. भरावाने बांधणाऱ्याचे जोते कोरडे राहते आणि खालच्या चाळीतला चूलखंड भिजतो. याला आम्ही चोरी म्हणतो. पाणी मावण्याची जागा ही साऱ्या काठाची सामाईक मालमत्ता आहे आणि ती एकाने उचलून नेली आहे.

कचऱ्याचेही तसेच झाले. कल्याणचे आधारवाडी कचराक्षेपण केंद्र वर्षानुवर्षे खाडीच्या बाजूला वाढत राहिले आणि २०२१ मध्ये बंद झाले. दिव्यातही ठाण्याचा कचरा खाजणाच्या पट्ट्यात टाकला जात होता. जमीन 'पडीक' आहे असे एकदा लिहिले की तिच्यावर काहीही टाकता येते. भूरूपशास्त्राच्या कोशात पडीक हा शब्द नाही. प्रत्येक सखल तुकडा काही ना काही काम करीत असतो.

तिवरांच्या बाबतीत न्यायालये स्पष्ट बोलली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिला की तिवरांचा नाश हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवला पाहिजे. परंतु भराव आधी पडतो, तिवरे मग वाळतात, आणि तक्रार पोहोचेपर्यंत तेथे चाळ उभी असते.

निळी रेषा, लाल रेषा आणि गृहकर्ज

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले आहे किंवा घेण्याच्या विचारात आहेत. त्यांनी पुढील मजकूर सावकाश वाचावा.

महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली पूररेषांविषयी परिपत्रक काढले. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हींच्या मध्ये निर्बंध. येथे लोकांची गफलत होते. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे २००५ मध्ये आला, आता २०३० पर्यंत निश्चिंती, असे ते समजतात. त्याचा खरा अर्थ असा की कोणत्याही वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात चार असते. वीस वर्षांचे गृहकर्ज फेडून होईपर्यंत असा पूर एकदा तरी घरात येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न भरते. लाल रेषेवरच्या घरालाही त्या वीस वर्षांत शंभरात अठरा इतकी शक्यता आहे. बँक कर्जदाराची पगारपावती तपासते. घराची पूररेषा पाहिली का, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी जी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधकामाला मुभा आहे. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. परंतु उंची मिळविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे भराव, आणि भरावाचे गणित आम्ही वर मांडले आहे. प्रत्येक इमारत स्वतःला दीड फूट वर उचलते आणि पुराची पातळी इतरांसाठी वर चढवते. पुढच्या पिढीने ती लाल रेषा पुन्हा वर सरकवायची. याआधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे बंधन घालणारे नदी नियंत्रण क्षेत्राचे धोरणही राज्य शासनाने रद्द केले. या निर्णयांत नदीच्या देहाचा विचार करणारा मनुष्य बैठकीला होता काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रभू येशूने वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला, तेव्हा त्याच्या श्रोत्यांना उन्हाळ्यात कोरडे पडणारे आणि पावसात अकस्मात फुगणारे ओढे ठाऊक होते. आपण तो दाखला केवळ आध्यात्मिक अर्थाने वाचतो. पायाखालची जमीन पाहून बांधावे, हा त्याचा साधा अर्थही तितकाच खरा आहे.

पुराने दिलेले धडे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम पाऊणशे. महाराष्ट्रात एक हजाराहून अधिक माणसे गेली. बदलापूर, कल्याण, डोंबिवली यांनीही त्या दिवशी उल्हास नदीचे रूप पाहिले. नंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि मिठी नदीविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. उल्हास खोऱ्याच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. देशभर ती दृश्ये दिसली. रेल्वे रूळ पूरमैदानातून गेले आहेत, पूरमैदानाच्या मोकळ्या जागा बंद होत चालल्या आहेत, आणि नदी आपल्या जुन्या वाटेने आली, एवढाच त्या घटनेचा भूरूपशास्त्रीय अर्थ आहे.

प्रदूषणाविरुद्धची लढाई आम्ही कमी लेखीत नाही. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने कडक आदेश दिले. लाखो लोक हे पाणी पितात. उन्हाळ्यात तर त्यातला मोठा भाग घाटमाथ्यावरच्या आंद्र जलाशयातून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राद्वारे खाली उतरलेला असतो. मावळाच्या पूर्ववाहिनी नदीचे पाणी आपण पश्चिमेला पितो. पाणी स्वच्छ हवेच. परंतु स्वच्छ पाण्याची नदी भिंतींच्या गटारात कोंडली तर ती स्वच्छ पाण्यानेच शहर बुडवील. पर्यावरण खाते पाण्याच्या बाटलीतला नमुना तपासते. नदीची रुंदी, वळणे, काठ आणि खाजण यांचा नमुना घेण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही.

त्यावर उपाय म्हणून सुचवले जाते काय? संरक्षक भिंत, पात्राचे सरळीकरण, आणि काठावर फरशा, दिवे आणि बाके बसवून 'सुशोभीकरण'. अमेरिकेतील फ्लोरिडात किसिमी नदीचे असेच झाले. १९६२ ते १९७१ या काळात १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा करण्यात आला. पाणथळ जमिनी सुकल्या, पक्षी निघून गेले. शेवटी १९९९ पासून सरकारनेच कालव्याचा बराच भाग बुजवून जुनी वळणे परत आणण्याचे काम हाती घेतले आणि ते २०२१ मध्ये पूर्ण झाले. नेदरलँड्सने त्याहून मोठा धडा घेतला. बांध उंच करीत जाण्यात जगात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण १९९५ च्या पुरात अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागल्यावर त्यांनी 'नदीला जागा' या नावाचा कार्यक्रम आखला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, काठ खोदून सखल केले. नायमेखेन शहराजवळ तर बांध ३५० मीटर मागे नेला. त्यासाठी काही कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांना भरपाई देण्यात आली. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या लोकांना जे कळले ते आपल्याला कळू नये, असे काही नाही.

गरिबांचे काय?

आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल. मुंबईत घर परवडत नाही, म्हणून माणसे दिव्याला, कोपरला, डोंबिवलीला येतात. खाजणावरची चाळ ही त्यांची शेवटची संधी. नदीला जागा द्या म्हणणारे या माणसांना रस्त्यावर आणणार काय?

आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तसेच हवे. भरावावरच्या घरात राहणारा मनुष्य या व्यवहारातला गुन्हेगार नाही. त्याला फसवले गेले आहे. जमीन कोणाची, परवानगी कोणाची, पूररेषा कोठे, हे त्याला कोणी सांगितले नाही. नफा घेऊन दुसरेच कोणी निघून गेले आणि पाणी मात्र त्याच्या खोलीत आले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात निसर्गाचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही दोन निरनिराळी संकटे नाहीत असे प्रतिपादन केले. दिव्यातल्या चाळीत जुलै महिन्यात उभे राहिले की ते पटते. म्हणून आमची मागणी अशी की आधी त्याच परिसरात उंच जागेवर पर्यायी घर, मग स्थलांतर. बुलडोझर आधी आणि यादी नंतर, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. आणि पुढचा भराव आजच थांबला पाहिजे, कारण उद्या त्यावर आणखी गरीब माणसे आणून बसवली जातील.

वसईने काय शिकवले?

या विषयात आमच्या समाजाला परके वाटण्याचे कारण नाही. वसईच्या किनारी गावांत वाळूच्या लांबट उंचवट्यांवर घरे, त्यांच्या मधल्या सखल पट्ट्यांत वाड्या आणि शेते, आणि जागोजागी बावखले अशी रचना होती. बावखलात पावसाचे गोडे पाणी साठे आणि विहिरी जिवंत राहत. १९९० मध्ये सिडकोकडे वसई-विरारचे नियोजन सोपवले गेले, त्या काळात हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ नये म्हणून हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्यासाठी धमक्या सोसल्या. जुलै २०२४ मध्ये ते गेले. पण त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरविले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात उभे राहिले, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, मिठागरातली माणसे अडकून पडली. जी बावखले आणि खाजणे बुजवली गेली, त्यांनी त्या वेळी आपली गैरहजेरी लावली.

तेव्हा कोपरचा प्रश्न वसईचा आहे आणि वसईचा कोपरचा. नदीचे खोरे हे एकच घर आहे. त्यात महानगरपालिकांच्या हद्दीच्या भिंती आपण घातल्या. उगमाकडे एक जिल्हा, मुखाशी दुसरा, मध्ये पाच-सहा नगरपालिका आणि महानगरपालिका, प्रत्येकीचा आपला विकास आराखडा. अखंड उल्हास खोऱ्याचे भूरूप पाहून निर्णय करील असे अधिकारपद कोठे आहे?

आम्ही काय मागतो?

राजमाचीपासून वसईपर्यंत उल्हास खोऱ्याचा एक भूरूप नकाशा तयार व्हावा. जुनी पात्रे, पूरमैदाने, खाजणे, नैसर्गिक नाले आणि ढासळते काठ त्यात सर्व्हे क्रमांकांसह मराठीत दाखवावेत आणि तो प्रत्येक प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावावा. या नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही भरावाला, भिंतीला किंवा रेतीच्या लिलावाला परवानगी मिळू नये. ज्याने जितके घनमीटर खाजण बुजवले, त्याच्याकडून तितके घनमीटर त्याच खोऱ्यात मोकळे करून घ्यावे. गाळ काढण्याच्या प्रत्येक कंत्राटापूर्वी तो गाळ कोठून येतो याचा अहवाल मागावा.

आणि वाचकहो, काही गोष्टी शासनावाचूनही होण्याजोग्या आहेत. घर घेताना स्वयंपाकघराची दिशा आणि स्थानकाचे अंतर विचारतो, तसा पूररेषेचा नकाशा मागावा. बिल्डरने टाळाटाळ केली तर पाय मागे घ्यावा. गृहनिर्माण सोसायटीने आवार उंच करण्याआधी ते पाणी कोणाकडे जाईल हे सर्वसाधारण सभेत विचारावे. चर्चच्या आणि संस्थांच्या आवारातला सखल कोपरा, जुने तळे किंवा बावखल असेल तर ते भरून सभागृह बांधण्याचा मोह टाळावा. शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा खाडीकाठी नेऊन भरतीची आणि ओहोटीची रेघ मोजायला लावावी. पुलाच्या खांबावर पावसाळ्यातली पातळी नोंदवून ठेवावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील तर कोणत्याही कचेरीत जाऊन ताठ मानेने बोलता येते.

उल्हास नदी दर पावसाळ्यात आपली जागा मोजून दाखवते. ती खूण भिंतींवर आठ दिवस ओली राहते आणि मग वाळून जाते. ती वाळण्यापूर्वी नकाशावर उतरवून घेण्याचे काम शासनाचे आहे, आणि शासनाकडून ते करवून घेण्याचे काम काठावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे आहे.